सरपटी रेणुका

रेणुकाने आयुष्यात एकही षटकार मारला नाही. गंमत म्हणून नाही, चिडून नाही, शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या तेव्हासुद्धा नाही. तिच्या बॅटला लागलेला चेंडू जमीन सोडायचाच नाही. धूळ उडवत, खडे चुकवत तो असा पळायचा की वाटेतल्याला वाकायलाही सवड मिळू नये. आमच्या पिंगळीत अशा फटक्याला सरपटी म्हणतात. पुढे आम्ही पोरं तिलाच सरपटी म्हणायला लागलो. तिला त्याचा राग आला नाही. "म्हणा की. आधी आऊट तर करून दाखवा," एवढंच ती म्हणायची. आऊट तर ती फार क्वचित व्हायची.

स्टेशनाच्या मागच्या अंगाला आमची दोन घरं होती आणि दोन्ही घरांना मिळून एकच परस होतं. लांबीला बरं, रुंदीला अगदी अरुंद. एका बाजूला आमच्या घराची भिंत, दुसऱ्या बाजूला रेणुकाच्या वडिलांचं पत्र्याचं शेड. तिच्या वडिलांना सगळी गल्ली आबा म्हणायची. आबांची चाळीसेक मेंढरं आणि काही शेळ्या रानातून आल्या की त्या शेडात बसायच्या. एका टोकाला हापसा होता, तिथून गोलंदाजी. दुसऱ्या टोकाला पाण्याचं गंजलेलं टिपाड, ते आमचे स्टंप. टिपाडाच्या मागे बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. आमचं मैदान ते एवढंच.

सुरुवातीला गल्लीतली सात-आठ पोरं तिथे खेळायची आणि जो तो जमेल तसा मारायचा. एका दुपारी मी बॅटिंग करत होतो. आबा एका गाभण मेंढीला आणि आणखी पाच-सहा जणींना उन्हामुळे घरीच ठेवून रानात गेले होते. मी डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू उंच गेला आणि शेडाच्या पत्र्यावर पडला. असा आवाज झाला की आतली सगळी मेंढरं एका कोपऱ्यात कोंबली गेली. त्यात ती गाभण मेंढी भिंतीशी दाबली गेली आणि दिवस मावळायच्या आत गाभडली.

आबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. परसाच्या कडेला खड्डा खणून त्यांनी ते ओलं, मुठीएवढ्या डोक्याचं पिल्लू पुरलं, हात धुतले आणि आम्हाला बोलावलं. "खेळा. न्हाई म्हनत न्हाई मी," ते म्हणाले. "पर पत्र्याच्या आत जीव हाय, एवढं ध्यानात ठिवा." दुसऱ्या दिवसापासून रेणुकाने नियम केला. पत्र्याला चेंडू लागला तर आऊट, आणि त्या दिवसाचा खेळ बंद. पोरं वैतागली. चार दिवसांत ती स्टेशनापलीकडच्या मोकळ्या मैदानात खेळायला गेली. तिथे मुलींना घेत नसत. मला घेत, पण माझ्या वाट्याला चेंडू आणून देण्याचं काम यायचं. म्हणून मी परसातच राहिलो. तेव्हा ती पाचवीत होती, मी चौथीत. पुढची पाच-सहा वर्षं तिथे आम्ही दोघंच खेळलो. मी टाकायचो, ती मारायची. पत्र्यावरचा तो फटका माझा होता हे तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही.

त्या परसाने तिला घडवलं, हे मला फार उशिरा समजलं. परसाला हापशाकडे उतार होता. जमीन लेंड्या तुडवून तुडवून चिकट, उन्हाळ्यात भेगाळलेली. चेंडू कधी घोट्याएवढा उडायचा, कधी उडायचाच नाही. म्हणून तिचे गुडघे कायम वाकलेले आणि डोकं चेंडूच्या थेट वर. डाव्या हाताची पकड घट्ट, उजवा हात नुसता टेकवलेला. चेंडू बॅटला लागला की मनगटं अशी वळायची, जशी आपण घागर पालथी घालतो. फटका मारण्याआधी एक क्षण तिची नजर शेडाकडे जायची. आणि तिने चेंडू कधी सोडला नाही. टिपाडाच्या बाजूने गेलेला चेंडू सरळ बाभळीत घुसायचा. ज्याचा चुकला त्याने काट्यात हात घालून काढायचा. "हात लावायचाच. सोडला की काटा," असं ती मला शिकवायची, आणि बाहेर जाणाऱ्या चेंडूलासुद्धा बॅट लावायची.

परसाने मलाही सोडलं नाही. हापशाच्या पुढे आबांच्या शेडापासून आमच्या भिंतीतल्या खिळ्यापर्यंत कपड्यांची दोरी होती आणि तिच्यावर रेणुकाच्या आईची लुगडी वाळत असायची. हात वर नेला की लुगड्यात अडकायचा. मग मी बाजूने, जवळजवळ कमरेच्या वरून हात फिरवून चेंडू फेकायला लागलो. तो दोरीखालून निघायचा आणि टप्पा पडल्यावर आत यायचा. लोकांनी पुढे माझ्या त्या हाताचं कौतुक केलं. कौतुक खरं तर त्या दोरीचं होतं.

रेणुका नववीत असताना जिल्ह्याच्या मुलींच्या संघात अकरा नावंसुद्धा जमेनात, म्हणून शाळेच्या पी.टी.च्या बाईंनी तिला परभणीला नेलं. सोबत म्हणून मी गेलो. तिथे एक वयस्कर सर मुलींना शिकवायचे. त्यांनी तिला पहिल्यांदा चामड्याच्या चेंडूसमोर उभं केलं आणि एकामागून एक मुली गोलंदाजीला लावल्या. तासभर झाला. कुणाला ती आऊट झाली नाही, आणि एकही चेंडू गुडघ्याच्या वर उडाला नाही.

सरांनी खेळ थांबवला. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई सर. आमी आमच्या परसात खेळतो."

"परसात काय आहे?"

"मेंढरं हायत."

सर हसले. मग तिने पत्र्याची आणि त्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी बाकीच्या मुलींना गोल उभं करून सांगितलं, "हिची मनगटं बघा. हे शिकवायला मला तीन वर्षं लागतात, आणि तरी येत नाही."

तो काळ तिच्या आयुष्यातला सगळ्यात बरा. शनिवार-रविवार आम्ही सकाळच्या पॅसेंजरने परभणीला जायचो. डब्यात ती बॅट मांडीवर आडवी ठेवून बसायची आणि कुणी विचारलं, पोरगी कुठं चालली, की मीच पुढे होऊन सांगायचो. एकदा आबाही आले. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून, धुतलेलं धोतर नेसून ते मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसले. बराच वेळ त्यांनी तिचा खेळ पाहिला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला हळूच विचारलं, "रेणे, इथं तर पत्रा न्हाई. मंग खालूनच कामून मारायलीस?"

"आदत हाय आबा," ती म्हणाली. आबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. जाताना मात्र त्यांनी सरांना हात जोडले.

पुढच्या वर्षी मोठ्या निवड चाचणीसाठी सरांनी तिचं नाव पाठवलं. ते शहर आमच्यापासून लांब होतं. सर, ती, आणखी दोन मुली आणि मी जीपने गेलो. तिथे मैदानावर शंभरेक मुली होत्या. सगळा खेळ वीस षटकांच्या हिशोबाने चालला होता. प्रत्येकीला दहा चेंडू. खुर्चीवर बसलेले एक निवडकर्ते प्रत्येकीला सांगत होते, "उचलून मार. उचलता येतं का ते बघायचंय."

रेणुकाने सात चेंडू मारले, सातही जमिनीवरून. एवढ्या मुली मैदानात उभ्या होत्या की एकही फटका पलीकडे गेला नाही. निवडकर्ते पुन्हा म्हणाले, "बाळा, वर मार." आठवा आणि नववाही खालूनच. दहावा चेंडू बराच बाहेर होता, दुसऱ्या कुणीही सोडला असता. तिने त्याला बॅट लावली, कड लागली आणि मागे झेल गेला. निवडकर्त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

सर त्यांच्याशी बोलायला गेले. मी जवळच होतो. सर म्हणाले, "अहो, अशी मनगटं तुम्हाला कुठे सापडायची नाहीत." त्या गृहस्थांनी शांतपणे उत्तर दिलं, "मान्य आहे. पण मी हिला कोणत्या जागी खेळवू ते तुम्ही सांगा." सर परत फिरले. त्या माणसाचा मला तेव्हा फार राग आला होता. आज येत नाही, आणि तेच जास्त टोचतं.

परतीच्या वाटेवर जिंतूर फाटा जवळ आला तेव्हा सर जीपमध्ये म्हणाले, "रेणुका, तुझ्यात खोट नाही. खेळ बदललाय."

"मंग मी बदलते की सर," ती म्हणाली. "पुढच्या चाचणीला वर्ष हाय ना?"

त्या वर्षाइतके कष्ट तिने कधी केले नाहीत. सर सांगतील ते सगळं ती करायची. पाय कसा टाकायचा, खांदा कसा खाली घ्यायचा, बॅट कुठवर न्यायची. पोखर्णीच्या रस्त्याला माझ्या मामाचं पडीक रान होतं. रोज शाळा सुटल्यावर आम्ही सायकलींवर तिथे जायचो आणि मी तिला सोपे, फुलटॉस चेंडू द्यायचो. चारही बाजूंना मोकळं रान, चेंडू लागेल असं काहीच नाही. ती पाय टाकायची, बॅट वर न्यायची, सगळं बरोबर व्हायचं आणि अगदी शेवटी मनगटं वळायची. चेंडू ढेकळांतून सरपटत जायचा. मी म्हणायचो, होईल हळूहळू. मनगट सुजलं की ती हळद लावून फडकं बांधायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

त्याच वर्षी आबांनी मेंढरं विकली. त्यांचे गुडघे गेले होते, आणि गावाजवळच्या चरायच्या रानांत प्लॉट पाडून तारा ठोकल्या होत्या. एका सकाळी टेम्पो आला. आबा एकेका मेंढराला हाताने चढवत होते. टेम्पो गेल्यावर ते शेडात गेले, झाडून घेतलं आणि दार न लावताच घरात आले. दार लावायचं कारण उरलं नव्हतं.

आठवड्याभराने रेणुका मला बोलवायला आली. "दत्त्या, चेंडू घे. आज पत्र्यावर मारते."

मी हापशाशी उभा राहिलो. दोरीवर कपडे नव्हते, तरी माझा हात खालूनच फिरला. पहिला चेंडू तिने भिंतीशी मारला. दुसरा हापशाकडे. मी अगदी हळू, हाताने उडवून चेंडू द्यायला लागलो. वीस झाले, तीस झाले. प्रत्येक वेळी ती आधी शेडाकडे बघायची आणि प्रत्येक वेळी चेंडू माझ्या पायाशी यायचा. मग तिने चेंडू स्वतःच वर उडवला आणि बॅट फिरवली. तोही जमिनीवर. शेवटी तिने बॅट टाकली, चेंडू उचलला आणि हाताने पत्र्यावर फेकला.

मोठा आवाज झाला. आम्ही दोघंही नकळत थांबून ऐकायला लागलो. शेडात काही हललं नाही.

ती टिपाडाला टेकून खाली बसली. "आत कुणीबी न्हाई," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय, आत कुणीबी न्हाई. तरी हात वळायलाय. माझा हात माझंच ऐकंना, दत्त्या." मी तिच्याजवळ जाऊन बसलो. माफी मागावी असं फार मनात होतं. पण इतक्या वर्षांनी कशाची मागायची ते सुचलं नाही, आणि मी चेंडू पुसत बसलो.

दुसऱ्या चाचणीला ती गेली. यावेळी तिने खरोखर चेंडू उचलला. वर्षभराच्या कष्टांनी तेवढं दिलं होतं. पण तो सरळ वर गेला आणि पहिल्याच मुलीच्या हातात विसावला. पुढच्या चेंडूवर काय करावं हे तिला ठरवता येईना. मनगटं वळवू की नको या घोटाळ्यात सरळ आलेला चेंडू चुकला आणि स्टंप पडले. परसात वर्षानुवर्षं मला जे जमलं नव्हतं, ते एका अनोळखी मुलीने दोन चेंडूंत केलं. जुना खेळ गेला होता आणि नवा आला नव्हता. परत येताना ती मैदानावरच बॅट ठेवून आली. विसरली असेल म्हणून मी घ्यायला निघालो, तर म्हणाली, "राहू दे. कुणाला लागंल."

माझं मात्र त्याच काळात बरं चाललं होतं. गावोगावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत माझा तो खालून फिरणारा हात कुणाला वाचता येत नसे. मानवतहून, सेलूहून मला खेळायला बोलावणी यायची. त्या नावावर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिरलो आणि पुढे परभणीच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक झालो. एकाच परसात आम्ही दोघं वाढलो. तिथे जे वाकडं झालं ते माझ्या कामी आलं आणि जे सुरेख झालं ते तिच्या आड आलं. याचा हिशोब मला कुठे लागत नाही.

बारावीनंतर रेणुकाचं लग्न झालं. पाथरीच्या पुढचं एक गाव, शेतीवाडी असलेलं घर. मांडवात मी वाढायला होतो. पंगत उठल्यावर तिने मला हाक मारली आणि म्हणाली, "तुझा खांदा सांभाळ. तू हात असा फेकतूस, एक दिस खांदा जाईल." तिच्या लग्नाच्या दिवशी ती माझ्या गोलंदाजीबद्दल बोलली, तिच्या बॅटिंगबद्दल आम्ही कुणीच बोललो नाही. आबा पुढच्या दोन वर्षांत गेले, सर मुलाकडे पुण्याला गेले. माझा खांदाही गेला, तिने सांगितलं होतं तसाच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेने मुलींचा संघ काढायचं ठरवलं. आता मुलींचे सामने घरोघरी बघतात, पालक आपणहून विचारायला येतात. संस्थेला संघासोबत एक बाई हवी होती, खेळ येणारी. मी एका दमात रेणुकाचं नाव सांगितलं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी काहीतरी फेडायची वेळ आली.

रविवारी एसटीने पाथरीला गेलो, तिथून जीपने तिच्या गावी. ती कापूस वेचून नुकतीच आली होती. डोक्याचं फडकं सोडून तिने मला बसायला सतरंजी टाकली, चहा केला. तिचा मुलगा बाहेर खेळायला गेला होता. नवरा, सासू दोघंही घरात होते. मी सगळं सांगितलं. तिचा नवरा भला माणूस, म्हणाला, "जाऊ द्या की. हप्त्यातून तीन दिवस तर हाय. आमची काई ना न्हाई." सासू म्हणाली, "पोराचं मी बघते." मी मनात घाबरून आलो होतो ते याच दोघांच्या नकाराला. आता काही अडचणच उरली नव्हती.

रेणुका कप विसळत होती. ती म्हणाली, "न्हाई जमायचं."

"का गं?"

"मी काय शिकवू पोरींना?"

"तुला येतं ते."

"मला येतं ते कुनाला पायजे?" तिने कप पालथे घातले. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. बी-बियाण्याबद्दल बोलावं तसं ती बोलत होती. "आपन चुकीचं शिकलो, दत्ता. लय मन लावून शिकलो, पर चुकीचं. मी एक वर्ष घासलं तरी हातातून गेलं न्हाई ते. आता त्या लेकरांच्या हातात कामून घालू?"

"सर म्हणाले होते, अशी मनगटं कुठे सापडायची नाहीत."

"सर चांगले होते," ती म्हणाली. "निवडनारा बी चांगला होता. त्यानं खरं सांगितलं."

मी आणखी बराच वेळ बोललो. तिच्या नवऱ्याने मला बाहेर सोडताना सांगितलं की टीव्हीवर मुलींची मॅच लागली की ती उठून कामाला लागते, आणि त्याला वाटायचं तिला क्रिकेट आवडतच नाही. ती खेळायची हे त्याला त्या दिवशी माझ्याकडून कळलं. लग्नाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. रेणुका दारात आली, म्हणाली, "निघ आता. जीप भरली की सुटती."

मग मुलींना मीच शिकवायला लागलो. परवाची गोष्ट, जिल्हा चाचणी दहा दिवसांवर आली होती. माझ्या संघात नवी आलेली एक मुलगी आहे, खेड्यातून येणारी, फार न बोलणारी. नेटमध्ये ती खेळत होती आणि मी वहीत नावं लिहीत होतो. बॅटचा आवाज ऐकून मी वर पाहिलं. चेंडू गवताला चिकटून गेला होता. पुढचाही तसाच गेला. गुडघे वाकलेले, डोकं चेंडूवर, आणि शेवटी मनगटांचं ते वळण. मी वही बंद केली आणि नुसता बघत उभा राहिलो. माझं सगळं अंग त्या पोरीला सांगत होतं की खेळ, अशीच खेळ.

चाचणीत प्रत्येकीला दहा चेंडू मिळतात.

मी नेटमध्ये गेलो, तिच्या मागे उभा राहिलो, तिची दोन्ही मनगटं धरली आणि वरच्या बाजूला नेऊन दाखवली. पुन्हा दाखवली. दिवस कलेपर्यंत मी तिला तेच एक करायला लावलं. ती लहान होती, हात अजून ओल्या मातीसारखे होते, लवकर वळले. पाचच्या सुमाराला तिचा पहिला चेंडू शाळेच्या भिंतीपलीकडे गेला. बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"सर, आता बरोबर हाय का?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.